मधल्या भिंतीतली ऊब

गेल्या जानेवारीत बिरसाला जायचा योग आला. स्टाफरूममध्ये हे नाव काढताच सगळ्यांना बिरसा मुंडा आठवले आणि एका सहकाऱ्याने "म्हणजे झारखंडला का?" असं विचारूनही टाकलं. तसं नव्हे. हे बिरसा म्हणजे मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. एका बाजूला कान्हाचं जंगल, दुसऱ्या बाजूला छत्तीसगडची हद्द आणि जवळच मलाजखंडची तांब्याची खाण. या खाणीत आमचे भावोजी नोकरीला होते. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. आता गावाकडे येतील असं आम्ही धरून चाललो होतो, तर त्यांनी बिरसातच एक जुनं घर घेऊन दुरुस्त केलं. "एकदा येऊन बघ तरी," असं अक्का दर फोनला म्हणायची. शेवटी गेलो. मनात एक हेतूही होता. दोघांना समजावून परत आणायचं.

आमच्या निपाणीकडच्या माणसाला तिकडे जाणं वाटतं तितकं अवघड नाही. कोल्हापूरला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि शेवटच्या स्टेशनवर, गोंदियाला, उतरायचं. पुणे, मनमाड, भुसावळ, नागपूर करत ही गाडी महाराष्ट्राचं एक टोक सोडून दुसरं टोक गाठते, पण राज्याची हद्द काही ओलांडत नाही. गोंदियाहून बालाघाट चाळीसेक किलोमीटर. वैनगंगेकाठच्या या गावात मुक्काम केला आणि सकाळी बैहरच्या घाटाने वर चढलो. घाटाच्या वरचा मुलूख म्हणून बालाघाट, हे तिथे गेल्यावरच नीट कळतं.

जीपमध्ये शेजारी एक वयस्क गृहस्थ होते. मी फोनवर बोलत होतो ते ऐकून म्हणाले, "आपण मराठी का? आमच्या आजीची भाषा अर्धी तीच होती." मग इतिहास आठवला. हा जिल्हा 1867 मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे भाग काढून बनवला गेला आणि इंग्रजांच्या मध्य प्रांतात तो नागपूर विभागात होता. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भ मुंबई राज्यात आला, बालाघाट मात्र मध्य प्रदेशात राहिलं. त्याच दिवशी आपला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. एकाच तारखेला दोन सीमा आखल्या गेल्या. म्हणजे दोन्हीकडच्या घरांत दोन-दोन भाषा नांदताहेत, फक्त आपल्याकडे मराठीच्या जोडीला कन्नड आणि त्यांच्याकडे हिंदी, पोवारी आणि गोंडी. त्या गृहस्थांना हे सांगितलं, तर ते हसून म्हणाले, "मग आपण शेजारीच झालो की!"

थंडी म्हणजे काय

बिरसाला पोहोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि अक्का अंगणात उन्हाला पाठ देऊन बसली होती. मला बघून उठली, पण गुडघे धरून उठली. अक्का माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. मी पाचवीत असताना तिचं लग्न झालं आणि ती या मुलखात आली. तेव्हापासून तिच्या मराठीत हिंदी आलं, पण आईकडून आलेलं कन्नड काही गेलं नाही. आमची आई हुक्केरीकडची. अजून अक्का मुलांना जवळ घेताना "बेच्चगे" म्हणते, "ऊबदार" म्हणत नाही.

बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे आणि बैहरचं पठार सुमारे दोन हजार फुटांवर. मग आपल्यापेक्षा थंडी तिथे जास्त कशी, हा प्रश्न मला पडला. उत्तर नकाशात आहे. बिरसा आपल्यापेक्षा सहा अंश उत्तरेला आहे आणि समुद्रापासून फार दूर. आपल्याकडे पश्चिमेच्या दमट हवेमुळे रात्र फारशी निवत नाही. तिथे हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, म्हणून दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळला की आपली ऊब आकाशात सोडून देते. कान्हाच्या कुरणांवर पहाटे दव गोठून पांढरा थर बसतो तो यामुळेच. मध्य प्रदेशातल्या थंडीच्या बातम्यांत मलाजखंडचं नाव वरचेवर येतं. संध्याकाळी सहा वाजता मी स्वेटर घातला, साडेसहाला त्यावर शाल घेतली आणि सात वाजता चुलीपाशी जाऊन बसलो.

या गारठ्यावर तिथला जुना उपाय म्हणजे गोरसी. मातीचं पसरट भांडं, त्यात चुलीतले निखारे, वर थोडी राख. काश्मीरच्या कांगडीची ही लांबची बहीणच म्हणायची. आपल्याकडची शेगडी म्हटलं तरी चालेल. परछीत, म्हणजे ओसरीवर, गोरसी ठेवून चार माणसं भोवती बसतात, हात शेकतात, गप्पा मारतात. उघड्यावर गोरसीसारखं सुख नाही. पण तीच गोरसी बंद खोलीत नेली, तर काय होतं ते मला त्या रात्री जेवताना कळलं.

त्या रात्री

त्याच्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. नव्या घरातला पहिलाच डिसेंबर. चार वर्षांची नात सुट्टीला आली होती. तिला थंडी सोसेना म्हणून भावोजींनी झोपायच्या खोलीत गोरसी आणून ठेवली. वारा येऊ नये म्हणून खिडकीच्या फटींत जुन्या साड्यांच्या चिंध्या कोंबल्या आणि दार लावून घेतलं. रात्री तीनच्या सुमारास भावोजींना जाग आली ती डोकं फुटेल अशा दुखण्याने. उठायला गेले तर पाय लटपटले. अक्काला हाक मारली, ती ओ देईना. कसंबसं दार उघडलं, नातीला उचलून अंगणात आणलं, शेजाऱ्यांना हाक मारली. नातीला उलट्या झाल्या. दोघींना रुग्णालयात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. देवाची कृपा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सगळे घरी आले.

निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने या वायूला धरून ठेवतं. झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. आपल्याकडेही बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवून दारं-खिडक्या लावायची पद्धत आहे. वाचकहो, ही एक गोष्ट तरी या लेखातून घ्या. निखारे असलेली शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका.

मी अक्काला म्हणालो, "अगं, एवढं झालं आणि आम्हाला कळवलं नाहीस?"

ती भाकरी थापत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाला कळवू? आधी अण्णाला फोन केला असता तर तुला राग आला असता, आणि आधी तुला केला असता तर त्याला. म्हटलं, राहू दे."

यावर मी काय बोलणार! चार वर्षांपूर्वी आमच्या घराची वाटणी झाली. तेव्हापासून थोरला भाऊ आणि मी एकाच छपराखाली राहतो, पण मध्ये भिंत आहे. बोलणं सणासुदीपुरतं. आपल्या भाषेत वाटणीला "चुली वेगळ्या झाल्या" म्हणतात, ते उगीच नाही.

दोन तोंडांची चूल

त्या प्रसंगानंतर भावोजींनी ठरवलं की घरात धुराडं असलेली पक्की व्यवस्था करायचीच. त्यांनी कुठल्याशा मासिकात परदेशी घराचं चित्र पाहिलं होतं. दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत एकच शेकोटी, दोन्हीकडून उघडी. इकडून जेवणघरातली माणसं जाळ बघतात, तिकडून बैठकीतली. एका जाळात दोन खोल्या! इंजिनिअर माणूस, त्यांना हा हिशेब फारच आवडला. स्वयंपाकघर आणि झोपायची खोली यांच्या मधली भिंत फोडायची ठरली.

गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने चित्र पाहिलं आणि मान हलवली. "साब, दोनों तरफ खुला रखोगे तो धुआँ घर में आएगा." भावोजींनी ऐकलं नाही. चूल बांधून झाली, पेटवली, आणि पहिल्या अर्ध्या तासात सगळे डोळे पुसत अंगणात!

चूक कुठे झाली ते भावोजींनी मला कागदावर काढून दाखवलं. धूर वर जातो तो गरम हवा हलकी असते म्हणून. धुराड्यातली गरम हवा वर चढते आणि तिच्या जागी खोलीतली हवा चुलीच्या तोंडातून आत ओढली जाते. तोंड जेवढं मोठं तेवढं धुराडंही रुंद लागतं. उघड्या शेकोटीला धुराड्याचं छिद्र तोंडाच्या सुमारे एक दशांश हवं, असा बांधकामातला ढोबळ नियम आहे. दोन्हीकडे तोंड असलं, तर दोन्ही तोंडांची बेरीज धरावी लागते. यांनी धुराडं एकाच तोंडाच्या मापाचं बांधलं होतं. शिवाय एका खोलीचं दार उघडलं की वाऱ्याची झुळूक इकडून तिकडे थेट जाळावरून जाई आणि धूर दुसऱ्या खोलीत लोटला जाई. तिकडच्या देशांत अशा शेकोटीला दोन्हीकडून जाड काच लावतात, त्यामागचं एक मोठं कारण हेच.

आणि समजा, धूर नीट गेला असता, तरी ऊब किती मिळाली असती? उघड्या शेकोटीत लाकडाच्या उष्णतेतला फार तर दहावा-सातवा हिस्सा खोलीला मिळतो, बाकीची धुराड्यातून आकाशात. वर ती खोलीतली तापलेली हवाही ओढून नेते आणि दाराच्या फटींतून बाहेरची गार हवा आत येते. समोरून चेहरा भाजतो, पाठ गारच राहते. अमेरिकेत जन्मलेल्या बेंजामिन थॉम्पसन ऊर्फ काउंट रमफर्डने अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधल्या शेकोट्या उथळ आणि तिरप्या बाजूंच्या करून हा तोटा थोडा कमी केला होता. पण उघडी शेकोटी ती उघडीच.

गवंड्याची युक्ती

मग पुन्हा गवंड्याला बोलावलं. त्याने झोपायच्या खोलीकडचं तोंड विटांनी बुजवून टाकलं. तिकडे फक्त अर्ध्या विटेची, म्हणजे साडेचार इंचांची, भिंत ठेवली. स्वयंपाकघराकडचं तोंड लहान करून त्याला लोखंडी झाकण बसवलं. त्यात हवा कमी-जास्त करायला सरकती पट्टी. भावोजींनी आपलं डोकं एका ठिकाणी चालवलं. धूर सरळ वर न सोडता, भिंतीच्या पोटात एकदा वर, एकदा खाली आणि मग पुन्हा वर, असा फिरवून धुराड्यात नेला. म्हणजे धूर बाहेर पडेपर्यंत आपली ऊब विटांना देऊन मोकळा होतो. धुराडं छपरातून जिथे बाहेर पडतं तिथून तीन फुटांहून उंच नेलं, आणि दहा फुटांच्या आतल्या कुठल्याही उंच भागापेक्षा दोन फूट वर. काजळी काढायला खाली एक लहानसं दार ठेवलं.

विटेचा स्वभाव असा की ती उशिरा तापते आणि उशिराच निवते. अक्का संध्याकाळी सहाला चूल पेटवते, तासा-दीड तासात स्वयंपाक आटोपतो. जाळ विझलेला असतो, तेव्हा कुठे झोपायच्या खोलीकडची भिंत तापू लागते. रात्री दहाला मी तिला हात लावून पाहिला. दुपारच्या उन्हात तापलेल्या ओट्यासारखी ऊब होती, चटका नव्हता. पहाटे पाचला पुन्हा पाहिलं, तेव्हा ती कोमट होती. बाहेर अंगणातला थर्मामीटर 5 अंश दाखवत होता, खोलीतला 17. खोलीत ना जाळ, ना निखारा, ना धूर. तरी भावोजी खिडकीची वरची झडप चार बोटं उघडी ठेवतात. एकदा पोळलेला माणूस!

लाकूड वाळलेलंच हवं, यावर त्यांचा फार कटाक्ष आहे. ओल्या लाकडाची बरीच आग स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते आणि धुराड्यात डांबरासारखा थर बसतो. तो एखादे दिवशी पेटला तर छप्पर जाईल. एका हिवाळ्याचं लाकूड आदल्या उन्हाळ्यात रचून ठेवायचं, ही तिथली शिस्त. जंगल उंबरठ्यावर असलं तरी हवं तितकं तोडता येत नाही आणि तोडूही नये. कान्हा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि 1973 पासून व्याघ्रप्रकल्प. भावोजी लाकूड वन विभागाच्या डेपोतून घेतात. चहा, दूध, सकाळची घाई गॅसवर. पण पूर्वी चूल, गोरसी आणि आंघोळीचं पाणी मिळून जेवढं लाकूड लागे, त्याच्या निम्म्यात आता भागतं, असं अक्का सांगते.

ही युक्ती काही नवी नाही, हे मी भावोजींना नंतर सांगितलं. रशियातल्या खेड्यांत घराच्या मधोमध विटांची भलीमोठी भट्टी असते, तिच्यावर म्हातारी माणसं झोपतातसुद्धा. कोरियात स्वयंपाकाच्या चुलीचा धूर झोपायच्या खोलीच्या फरशीखालून फिरवतात, त्याला 'ओंडोल' म्हणतात. काश्मीरच्या हमामात फरशीखाली जाळ असतो. सगळीकडे तत्त्व एकच. जाळ एकीकडे, ऊब दुसरीकडे.

आपल्या घरातला हंडा

तिसऱ्या रात्री त्या भिंतीला पाठ टेकून बसलो असताना अक्का एकदम म्हणाली, "आपल्या बच्चलमनीची आठवण येते की नाही रे?"

खरंच की! आपल्याकडच्या जुन्या घरांत न्हाणीघरातला तांब्याचा हंडा चुलाणात पक्का बसवलेला असायचा. पाणी न्हाणीघरात, पण जाळ घालायचं तोंड भिंतीपलीकडे, परसात नाहीतर स्वयंपाकघरात. पलीकडून आजी काटक्या सारायची, अलीकडे आम्ही कढत पाणी अंगावर घ्यायचो आणि थंडीत त्या भिंतीला चिकटून उभे राहायचो. कन्नडमध्ये ती 'हंडे ओले', मराठीत हंड्याची चूल. तसंच आपल्या चुलीशेजारचं वैल. मुख्य जाळाची उरलेली धग त्याच्यावर वरण शिजवते. म्हणजे एका जाळात दोन कामं, हे आपल्या आज्यांना कुठल्या मासिकातून शिकावं लागलं नव्हतं.

आमचा तो हंडा वाटणीच्या वेळी अडचणीचा ठरला होता. न्हाणीघर माझ्या वाट्याला आलं आणि जाळ घालायचं तोंड अण्णाच्या स्वयंपाकघरात. हंडा कुणाचा, यावर चार पंचांसमोर आम्ही दोघं शिकलेली माणसं अर्धा दिवस भांडलो. शेवटी हंडा काढून अण्णाच्या माळ्यावर टाकला, भोक सिमेंटने बुजवलं, आणि दोघांनी आपापले विजेचे गिझर घेतले. चाळीस वर्षं ज्या भिंतीने दोन्हीकडे ऊब दिली, ती आता दोन्हीकडून गार आहे.

हे सगळं मी अक्काला सांगितलं नाही, तिला ते ठाऊकच होतं. ती म्हणाली, "तू आम्हाला परत न्यायला आलास, ते मला पहिल्या दिवशीच कळलं. पण सांग, कुठल्या घरात येऊ? तुझ्या की त्याच्या? इथं आहे ते बरं आहे. इथल्या भिंतीच्या दोन्ही बाजू माझ्या आहेत."

तिच्या आवाजात राग नव्हता. भावोजी पेपर वाचत असल्यासारखं करत होते. मी गप्प बसलो. घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर, परक्या मुलखात माझ्या बहिणीला जी ऊब मिळाली होती, ती द्यायला माझ्याकडे जागा नव्हती, ही खरी गोष्ट होती.

परतीच्या दिवशी सकाळी अक्काने डब्यात कोदोची खीर दिली. कोदो हे तिकडचं भरडधान्य, आपल्या सावा-नवण्यासारखं. जीप येईपर्यंत वेळ होता. अंगणात रेंज चांगली येते, म्हणून बाहेर आलो आणि अण्णाला फोन लावला. सण नव्हता, तेव्हा तो आधी घाबरलाच.

"काय झालं? अक्का बरी आहे का?"

"बरी आहे," मी म्हणालो. "मागच्या वर्षी नव्हती. आल्यावर सगळं सांगतो. अण्णा, तो हंडा कुठे आहे?"

थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं, फोन तुटला.

"माळ्यावर आहे," तो म्हणाला. "कल्हई गेली असेल. का रे?"

"गवंड्याला विचारून बघूया म्हणतो. ते भोक पुन्हा उघडता येईल का."

"मग लाकूड कुणी घालायचं?" अण्णाने विचारलं. तो वाटणीच्या वेळीही असंच नेमकं विचारायचा.

"जाळ तुझ्याकडं, लाकूड माझं. पाणी दोघांचं."

"बरं," तो म्हणाला. "रविवारी ये. माळ्यावर मला एकट्याला आता चढता येत नाही."